दुसऱ्या गेटवेची नक्कल

माझ्या विद्याशाखेत नकलनवीस दोन प्रकारचे मानले जातात. पहिला अडाणी. त्याला समोरच्या मजकुराचा अर्थ कळत नाही, म्हणून तो दिसेल तसे उतरवतो. मध्येच एखादी ओळ गाळतो, एखादे अक्षर बिघडवतो, आणि चार पाने उलटताच पकडला जातो. दुसरा शहाणा. त्याला अर्थ कळतो, निदान तसे त्याला वाटते, आणि म्हणून नक्कल करता करता तो मूळ सुधारतो. ही सुधारणा इतकी गुळगुळीत असते की तीनशे वर्षे कोणाला संशय येत नाही. या दुसऱ्या प्रकारावर मी बारा वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. तो गाजला. त्यात मी तीन दिवंगत आणि दोन हयात पंडितांची अशी सालटी काढली होती की हयातांपैकी एकाने पुढच्या परिषदेत माझ्या शेजारची खुर्ची बदलून घेतली. मला त्याचा आनंद झाला होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

हे आधी सांगितले, कारण ज्या अपराधाविषयी पुढे लिहिते आहे त्याचे आरोपपत्र मी स्वतःच तळटीपांसह छापून ठेवले होते.

आमची संस्था हस्तलिखितांची. तळघरात चार हजारांवर ग्रंथ, त्यावर वाचनकक्ष, त्यावर कचेऱ्या. संगणक विभागावर देखरेख करायला कोणी जबाबदार विद्वान असावा, असे संचालकांना एके दिवशी वाटले आणि ते लोढणे माझ्या गळ्यात आले. काम अर्थातच मी करत नव्हते. ते करत असे एकच मनुष्य, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी मीच त्याच्यासाठी शब्द टाकला होता. तेव्हापासून त्याची नेमणूक दर वर्षी एका वर्षापुरती वाढवली जाई. या वर्षी मात्र त्याला कायम करण्याचा कागद संचालकांच्या टेबलावर पोचला होता आणि सहीची वाट पाहत पडला होता. घरी तो मला ताई म्हणे, कचेरीत मॅडम. नऊ वर्षांत त्याने एकदाही गल्लत केली नव्हती.

संस्थेत त्याला सगळे वहीवाले म्हणत. त्याच्याजवळ लाल कापडी पाठीची एक जाडजूड वही असे. कोणत्या यंत्राला जाळ्यावरचा कोणता पत्ता दिला, कधी दिला, का दिला, हे सारे तो तिच्यात हाताने लिहून ठेवी. वही दुसऱ्या कोणी नेली, तर शेवटच्या पानावर नाव, तारीख, कारण लिहून सही करायची आणि परत आणताना पुन्हा सही करायची, असा त्याचा नेम होता.

"वहीवाले, तुमचा स्वतःचा पत्ता आहे का हो वहीत?" वाचनकक्षातले लोक विचारत.

"आहे ना. पान एक. मी हरवलो तर तिथे आणून द्या."

मी त्या वहीत कधी सही केली नव्हती. मला ती कधी लागली नाही. खरे म्हणजे मला ती हास्यास्पद वाटे. पुरवठादाराची चारशे पानांची मार्गदर्शिका मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली होती, आणि तिच्यातले सहा मुद्रणदोष पुरवठादाराला पत्राने कळवले होते. वहीवाल्यांनी तिची फार तर चाळीस पाने वाचली असतील.

त्या वर्षी संस्थेचे सारे जाळे आभासी झाले. सहा जुनी यंत्रे गेली, दोन मोठी आली, आणि त्या दोघांच्या पोटात बाकी सगळी यंत्रे केवळ कल्पनेने नांदू लागली.

"म्हणजे खरं यंत्र नाहीच?" मी विचारले होते.

"नाही. एक फाइल आहे नुसती. या डब्यात मेली की त्या डब्यात उठते."

"म्हणजे भूत."

"भूतच, मॅडम. पण रजा मागत नाही."

या भुतांपैकी दोन होती गेटवे, म्हणजे इमारतीच्या जाळ्याची दारे. इमारतीत येणारा प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप दारात येताच आपल्याला पत्ता मागतो. गेटवेवर डीएचसीपी नावाची एक सेवा बसवलेली असते. ती आपल्या यादीतला एक मोकळा क्रमांक त्याला देते आणि बजावते की हा तुझा पत्ता, इतक्या तासांपुरता. मुदत संपली आणि पाहुणा निघून गेलेला असला की पत्ता परत येतो आणि पुढच्याला मिळतो. पहिला गेटवे काम करी, दुसरा त्याच्या जागी बसायला तयार ठेवायचा. दोन्हींवरची यादी मात्र वेगवेगळी भरावी लागे.

आणि काही यंत्रे पत्ता मागतच नाहीत. तळघरातली हवा कोरडी ठेवणारी बारा यंत्रे तशी होती. त्यांचे पत्ते फार पूर्वी हातानेच बसवलेले होते, दोनशे एक ते दोनशे बारा. वहीवाल्यांनी हे मला सांगितले होते. सांगितले होते, हे मी ठळकपणे नोंदवते.

"मॅडम, यादी एकशे नव्वदला थांबवायची. पुढचे सोडायचे. तळघरातली यंत्रं मुकी आहेत. गेटवेनं हाक मारून पाहिली, कोणी आहे का म्हणून, तरी ती ओ देत नाहीत. त्याला वाटतं जागा रिकामी आहे."

"हे कुठे लिहिलं आहे?"

"माझ्या वहीत."

"वही हा पुरावा नव्हे," मी म्हणाले. माझे विद्यार्थी अशा वेळी हसतात. वहीवाले हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि काखेत धरली.

वसंतातल्या मोठ्या परिषदेच्या आठवड्यात त्यांच्या डाव्या डोळ्यावर छोटी शस्त्रक्रिया ठरली. बुधवारपासून रविवारपर्यंत पडद्याकडे पाहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पहिल्या गेटवेवर त्यांनी परिषदेची सगळी तयारी करून ठेवली होती. दुसऱ्यावर तीच यादी चढवायची राहिली होती. गुरुवारी पुरवठादाराचा अभियंता पहिला गेटवे नव्या आवृत्तीसाठी उतरवणार होता आणि परिषदेचे चार दिवस सारा भार दुसऱ्यावर पडणार होता. तारीख हलेना.

"मी भरते," मी फोनवर म्हणाले.

"मॅडम, पहिल्यावरचं बघून तसंच उतरवा." मग पुन्हा, "तसंच हं, ताई."

नऊ वर्षांतली ती एकमेव गल्लत. मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

सेवा भरण्याचा पडदा फार साधा असतो. पहिला पत्ता, शेवटचा पत्ता, मुदत, आणि शेवटी 'वर्णन' नावाचा एक रकाना, जो जगातले सगळे लोक मोकळा सोडतात. पहिल्या गेटवेवर वहीवाल्यांनी लिहिले होते: अकरा ते एकशे नव्वद, मुदत दोन तास. वर्णन कोरे. मी ते पाहिले आणि मला हसू आले. परिषदेला अडीचशे लोक येणार, प्रत्येकाच्या खिशात फोन आणि पिशवीत लॅपटॉप, आणि या गृहस्थांनी जेमतेम एकशे ऐंशी पत्ते ठेवलेले! शिवाय मुदत दोन तास. मार्गदर्शिकेच्या दोनशे बाराव्या पानावर कचेरीसाठी आठ तासांची शिफारस आहे. हे पान त्यांनी वाचलेले नाही, असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष काढण्यात माझा हात कोणी धरत नाही.

दोन तासांची मुदत का ठेवली होती, ते मला नंतर कळले. ते फार सोपे होते. एका बैठकीनंतर उठून गेलेल्या लोकांचे पत्ते लवकर परत यावेत आणि तेवढ्याच एकशे ऐंशीत सगळ्यांचे भागावे, असा त्यामागे हिशेब होता. त्यांना पाने पाठ नव्हती. माणसे किती वेळ बसतात, हे त्यांना ठाऊक होते.

मी शेवटचा पत्ता अडीचशे केला. मुदत आठ तास केली. आणि कोरा रकाना मला कधीच सहन होत नाही, म्हणून वर्णनात एक पूर्ण वाक्य लिहिले: 'वाचकांना पत्ता कमी पडू नये म्हणून मर्यादा वाढवली आहे.' दोनशे एक ते दोनशे बारा हे आकडे त्या क्षणी मी विसरले होते का? मला तसे म्हणता आले असते तर बरे झाले असते. ते माझ्या मनात एकदा येऊन गेले. वहीतली गोष्ट, असे म्हणून मी त्यांना जाऊ दिले.

परिषद उत्तम झाली. माझे भाषण विशेष. पाहुण्यांना पत्ते भराभर मिळत गेले, आठ आठ तासांसाठी, आणि शुक्रवारी दुपारी यादी दोनशेच्या पुढे सरकली. तळघरातल्या बारा यंत्रांचे पत्ते एकामागून एक पाहुण्यांच्या फोनांना वाटले गेले. एका पत्त्यावर दोघे जण म्हटल्यावर यंत्रांना मुख्य संगणकाचा आवाज येईनासा झाला. आवाज आला नाही की ती यंत्रे सुरक्षिततेसाठी स्वतःला बंद करतात. मुख्य संगणकाच्या पडद्यावर मात्र हवेतला ओलावा शेवटच्या वाचनाइतकाच दिसत राहिला, बावन्न टक्के, शुक्रवार, शनिवार, रविवार. शेवटचे वाचन किती जुने आहे हे पडदा सांगत नव्हता, आणि कोणी विचारलेही नाही.

सोमवारी सकाळी तळघराच्या ग्रंथरक्षक बाईंचा फोन आला. "मॅडम, खाली या. नाकावर रुमाल घेऊन या."

बुरशीचा वास एकदा ओळखला की विसरता येत नाही. खालच्या दोन मांडण्यांवरच्या सतरा ग्रंथांच्या कातडी बांधणीवर राखाडी लव उगवली होती. एका ग्रंथाची शाई पानातून पानात उतरली होती. त्याची वर्णनात्मक सूची मीच केली होती. त्यातला एक श्लोक जगात दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही, असे मी तिच्यात मोठ्या तोऱ्यात लिहिले आहे. आता तो कुठल्याच प्रतीत नाही.

मी वर आले, दार लावले आणि दुसऱ्या गेटवेचा पडदा उघडला. माझे वाक्य तिथे होते. पूर्णविरामासह.

पुढची पंधरा मिनिटे मला एकेक करून आठवतात. मी शेवटचा पत्ता एकशे नव्वद केला. मुदत दोन तास केली. इथपर्यंत ती दुरुस्ती होती, कोणीही हेच केले असते. मग मी वर्णनाच्या रकान्यात गेले आणि माझे वाक्य शेवटाकडून एकेक अक्षर पुसले. ती दुरुस्ती नव्हती. आयुष्यभर मी इतरांच्या पोथ्यांमधली खाडाखोड भिंगाखाली धरून खोडणाऱ्याचा हेतू सांगत आले आहे. या खोडण्याचा हेतू सांगायला भिंग नको.

दुपारी संचालकांनी बोलावले. वहीवाले तिथे आधीच उभे होते, डोळ्यावर काळा चष्मा, काखेत वही.

"गेटवेत कोणी काय बदललं ते दिसतं ना?" संचालकांनी विचारले.

"दिसतं सर. पण लॉगिन एकच आहे. मॅडमचं आणि माझं."

"एकच? हा काय पोरखेळ आहे?"

वेगवेगळी लॉगिन करू या, असे वहीवाल्यांनी मला दोनदा लेखी कळवले होते. आपण दोघेच तर आहोत, असे मी उत्तर दिले होते. ते उत्तर त्यांच्या वहीत असणार. त्यांनी ते काढले नाही.

"मग दुसऱ्या गेटवेवर यादी कोणी भरली? तुम्ही तर रजेवर होतात. घरून भरलीत?"

वहीवाल्यांनी चष्मा काढला. डावा डोळा लाल होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. रागाने नाही, विनवणीनेही नाही. चालत आलेला माणूस दार उघडायची वाट पाहतो, तसे पाहिले. मी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होते. त्या महिन्यात एकतीस दिवस होते.

"गेटवे माझ्याकडे आहेत सर," ते म्हणाले. "जे झालं ते माझ्या जबाबदारीत झालं."

"एका डोळ्यावर पट्टी, आणि घरी बसून आकडे भरायचे! हा कसला उत्साह? शस्त्रक्रिया डोळ्याची झाली की डोक्याची?" संचालक माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्हाला हे अवघड आहे, जाणतो मी. पण तुम्ही यात नातं मध्ये आणणार नाही, अशी माझी खात्री आहे."

"नाही आणणार," मी म्हणाले.

ते वाक्य मी पुढे अनेकदा तपासले. त्यात एक शब्द खोटा नाही. इतके निर्दोष आणि इतके घाणेरडे वाक्य मी दुसरे लिहिलेले किंवा वाचलेले नाही.

कायम करण्याचा कागद टेबलावरून उचलला गेला. त्याच्या जागी दुसरा आला: महिनाअखेर नेमणूक संपेल, नूतनीकरण नाही.

दोन दिवसांनी धाकटी माझ्या घरी आली. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर तिच्या वेण्या मी घातल्या आहेत. ती चपला काढून दारातच उभी राहिली.

"आत ये की."

"कोणत्या तोंडाने येऊ, ताई? तुझ्या शब्दावर लागला तो. तुला खाली बघायला लावलं त्याने सगळ्यांसमोर."

"अगं, बस तरी."

"मी पाचही दिवस त्याचा फोन माझ्या उशाखाली ठेवला होता. कधी घेतला, कधी ते आकडे भरले, देव जाणे. विचारलं तर ब्र काढत नाही. नुसता वहीची पानं चिकटवत बसतो." तिने डोळे पुसले. "मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, माझ्या बहिणीने आयुष्यात एक चूक केली नाही, आणि तू तिच्या नावाला काळं फासलंस. ताई, मी माफी मागते तुझी. त्याच्या वतीने."

इथे मला बोलायचे होते. शब्द माझ्याजवळ होते. माझ्याजवळ शब्द नाहीत असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे."

मी तिला क्षमा केली. तिने चहा घेतला, नाक शिंकरले, आणि हलकी होऊन घरी गेली. बहुधा नवऱ्याला पुन्हा एकदा बोलायला.

त्यानंतर नऊ दिवस मी एक निवेदन लिहीत होते. त्याचे सात खर्डे झाले. चौथ्या खर्ड्यात मला आढळले की मी आपल्या अपराधाला फार चांगली वाक्ये देते आहे, आणि मी ती खोडली. सहाव्यात ती परत आली. दहाव्या दिवशी सगळे कागद फाडून मी संचालकांच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितले, "दुसऱ्या गेटवेवरची यादी मी भरली. चूक माझी आहे. त्यांना काढू नका."

संचालकांनी चष्मा कपाळावर चढवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते हेलावले होते.

"मॅडम, तुमचं मन मोठं आहे."

"मन मोठं नाही. सांगते ते खरं आहे."

"बहिणीचा संसार आहे, मी समजू शकतो. पण तुम्ही आणि अशी चूक? जगाच्या चुका काढणारी बाई तुम्ही! कोण विश्वास ठेवेल? पुरावा आहे काही?"

"मी स्वतः सांगते आहे, तो पुरावा नाही?"

ते हसले, अगदी मायेने. "लेखकाचं स्वतःविषयीचं म्हणणं हा पुरावा नव्हे. तुमच्याच लेखात वाचलंय मी. तळटीप एकवीस."

तो लेख कोणी तळटिपांसह वाचला आहे, याची मला मिळालेली ती पहिली खात्री. बारा वर्षे मी तिची वाट पाहिली होती.

पुरावा एकच होता आणि तो मी पंधरा मिनिटांत पुसला होता. मग मला धाकटीचे एक वाक्य आठवले. नुसता वहीची पानं चिकटवत बसतो.

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचे घर, खिडकीत एक कुंडी, टेबलावर वर्तमानपत्र पसरून वहीवाले बसले होते. जो कोणी त्यांच्या जागी येईल त्याच्यासाठी ते वहीची स्वच्छ प्रत तयार करत होते. जशीच्या तशी. माझी चाहूल लागताच ते उठले.

"या ताई."

धाकटीने खुर्ची पुसून दिली. "बघ ना, काढून टाकलंय तरी संस्थेचीच सेवा चालली आहे. पुतळा उभारणार आहेत याचा."

"मला वही हवी आहे," मी म्हणाले. "दुसऱ्या गेटवेची गुरुवारची यादी. तुमच्याकडे असेल, तर."

वहीवाल्यांनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि एक पान उघडले. "गेटवे रोज संध्याकाळी आपल्या यादीची नक्कल मला पाठवतो. मीच लावून ठेवलं आहे तसं. बदल झाला असेल तर छापून चिकटवतो."

कागद तिथे होता. अकरा ते अडीचशे. आठ तास. आणि खाली माझे वाक्य. कडेला त्यांच्या बारीक अक्षरात तारीख होती: सोमवार, सकाळी साडेआठ. ग्रंथरक्षक बाईंच्या फोनच्या आधीची.

"म्हणजे संचालकांसमोर उभे होतात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं," ते म्हणाले. त्यांना मला टोचायचे नव्हते. 'गेटवे माझ्याकडे आहेत सर' हे ज्या आवाजात म्हणाले होते, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितले.

धाकटी पाठीमागून वाकून वाचत होती. तिला पत्ते, मुदत यांतले काही कळत नव्हते. तिने शेवटची ओळ बोट ठेवून वाचली. 'वाचकांना पत्ता कमी पडू नये म्हणून मर्यादा वाढवली आहे.'

"हे ताईचं वाक्य आहे," ती म्हणाली.

वहीवाल्यांनी वर्तमानपत्राची कड सरळ केली.

"लहानपणी साखरेच्या बरणीवर चिठ्ठी असायची हिची. 'ही बरणी उघडल्यास मला कळेल.' माझ्या शाळेच्या डब्यावर, 'हा डबा रिकामा परत येईल अशी अपेक्षा आहे.' एवढ्याशा जागेत पूर्ण वाक्य कोण लिहितं दुसरं?" ती हसायला लागली होती. मग हसू मध्येच कुठेतरी राहिले. ती सरळ झाली. "ताई, हे तू भरलंस?"

"हो."

"आणि हा गप्प बसला."

"हो."

"मी तुझ्या दारात येऊन माफी मागितली, तेव्हा तुला माहीत होतं?"

एखादा मजकूर कोणाचा हे ठरवण्यासाठी आम्ही अंतर्गत पुरावा पाहतो: शैली, सवयी, लकबी. त्यावर मी दोन पुस्तके लिहिली आहेत. माझ्या बहिणीने ते काम एका ओळीवरून, उभ्याउभ्या, आठव्या इयत्तेच्या शिक्षणावर केले होते आणि आता ती शेवटचा प्रश्न विचारत होती. त्याला तळटीप जोडता येत नव्हती.

"माहीत होतं," मी म्हणाले.

ती आतल्या खोलीत गेली. तिथून काही आवाज आला नाही. मी वाट पाहिली, तिने रडावे किंवा भांडे तरी आपटावे म्हणून. वहीवाले दाराकडे पाहत राहिले. पंधरवडाभर तिने त्यांना जे जे ऐकवले होते ते आत तिला एकेक करून आठवत असावे, हे आम्हा दोघांनाही कळत होते.

"हे पान द्याल मला?" मी विचारले.

"पान फाडत नाही मी, ताई. वही न्या अख्खी." त्यांनी शेवटचे पान उघडून पेन पुढे केले. "तेवढं लिहा."

नाव. तारीख. कारण. बोटभर रुंदीचा रकाना होता. 'माझी चूक दाखवायला', एवढेच मी लिहिले. पूर्णविराम दिला नाही. मग सही केली.

सोमवारी संचालकांनी ते पान बराच वेळ वाचले. "हे वाक्य तुमचंच कशावरून?" त्यांनी विचारले, पण आवाजात जोर नव्हता. कचेरीत माझी पूर्ण वाक्यांतली टिपणे त्यांनीही वर्षानुवर्षे वाचली होती. मी म्हणाले की माझी धाकटी बहीण तशी साक्ष देईल, फक्त तिला बोलावू नका. ते माझ्याकडे पाहत राहिले. या वेळी ते हेलावले वगैरे नव्हते. मग त्यांनी ग्रंथांची यादी मागवली: सतरा, त्यांपैकी तीन कायमचे गेलेले. त्या यादीवर जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांनी वहीवाल्यांचे नाव खोडले आणि माझे लिहिले. ते खोडलेले नाव अजून स्पष्ट वाचता येते. नेमणूक संपवण्याचा कागद रद्द झाला, आणि पाच आठवड्यांनी कायम करण्याच्या कागदावर सही झाली. संगणक विभाग माझ्याकडून काढून घेतला गेला. मला वाटते, संस्थेने माझ्याबाबत घेतलेला हा पहिला शहाणा निर्णय.

धाकटी अजून माझ्या घरी आलेली नाही. मीही बोलावलेले नाही. बोलावण्याचा खर्डा करायला बसले की फार चांगली वाक्ये सुचतात.

वही मी त्याच सोमवारी दुपारी परत केली. वहीवाले आपल्या टेबलाशी होते. काळा चष्मा गेला होता. मी वही समोर ठेवली आणि परत केल्याची सही करायला पेन काढले. नऊ वर्षांत ती वही कितीतरी लोकांनी नेली, आणली. वहीवाले ती घेत, खणात टाकत आणि आणणाऱ्याशी काहीतरी थट्टा करत.

"थांबा जरा, मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी वही उघडली, अंगठ्याला पाणी लावले, आणि माझ्यासमोर पहिल्यापासून एकेक पान मोजले. मी उभी राहिले. एकशे चौऱ्याऐंशी पाने होती. चिकटवलेल्या कागदापाशी आल्यावर त्यांनी त्याचे चारही कोपरे बोटाने चाचपले. मग शेवटचे पान उघडून वही माझ्याकडे फिरवली.

"बरोबर आहेत," ते म्हणाले. "करा सही."